आखूड पायाचा सनईवाला

तळेगाव,
१३ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गेलाय तो फक्त माझा आवाज. पंचवीस वर्षं छापखान्यात मशीनवर ओरडून बोलल्याचं बक्षीस म्हणून घशात गाठी आल्यात, आणि दोन महिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तुझी मामी या दोन महिन्यांकडे घरबसल्या माहेरपण म्हणून बघते आहे. फोनवर टाइप करावं तर फोन माझे शब्द खोडून स्वतःचे घालतो. तो अधिकार मी मामीलासुद्धा दिलेला नाही. म्हणून पत्र. तुझे वडील आंबीच्या कारखान्यात जाता-येता टपाल पोचवतील. दाजींना तसं पाटीवर लिहून दाखवलंय, त्यांनी मान डोलावली. मी मुका असल्यामुळे तेही बोलेनासे झालेत.

बातमी अशी, की तुझं पुस्तक झालं. 'मीठवाट'. पन्नास प्रती दाजींच्या गाडीला बांधून पाठवतो आहे, बाकीच्या इथूनच मागेल त्याला देईन. मुखपृष्ठावर 'राजेश्वरी कैलास तिकोणे' हे नाव एवढं ठळक घेतलंय की लग्न तुझंच आहे असं वाटावं.

खरं सांगतो, निम्मं कळलं नाही आणि सगळं आवडलं. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसणार. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट चालवणार, बाकीचे एकेक सोंग घेणार. कुणी तांड्याचा नाईक, कुणी वाटाड्या, कुणी मिठाच्या गोणीत भलतंच काही लपवून नेणारी बाई. कोकणातून घाट चढून मीठ वर आणायचं. 'मी दरीत उतरतो' असं म्हणायचं आणि फासे टाकायचे. फासे म्हणतील तसा पाय टिकणार नाहीतर घसरणार. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही. आमच्या वेळी याला थापा मारणं म्हणत आणि त्याला गावचा पार पुरत असे. तू त्याचं पुस्तक केलंस, हा आपल्या घराण्याचा उत्कर्षच.

दोन गोष्टी. शेवटचं पान फार गचाळ दिसत होतं, ते साफ केलं आणि तिथं आपला लग्नपत्रिकांवरचा नेहमीचा सनईवाला उभा केला. पान भरल्यासारखं झालं. दुसरी जरा काळजीची. फाशांचे नियम तुझे नाहीत, कुणा परदेशी बाईने 'फुकट' सोडलेत असं तू म्हणाली होतीस. तळेगावात फुकट फक्त सल्ला मिळतो, आणि तोही नंतर महाग पडतो. उद्या ती बाई दारात येऊन उभी राहिली तर मी काय सांगू? आणि सांगू कसा?

तुझा,
सुहासमामा


मळवली,
१६ जानेवारी

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

पुस्तकं पोचली. आईने पहिली प्रत देवापुढे ठेवली, दुसरी शेजारी दाखवून आणली, आणि तिसरी ती ज्यांचे बंगले सांभाळते त्या पुणेकर मालकीणबाईंना द्यायला गेली. "माज्या पोरीनं लिवलंय," म्हणाली. बाईंनी विचारलं, "कशाबद्दल आहे?" आई म्हणाली, "मिठाबद्दल." बाईंना ते पाककृतींचं पुस्तक वाटलं. वाटू दे. पुस्तक टेबलावर राहिलं, हे महत्त्वाचं.

त्याच टेबलावर हे सगळं सुरू झालं, तुम्हाला कधी सांगितलं नाही. शनिवारी-रविवारी पाहुणे येतात, लाइट जाते, आणि सगळे फोनच्या उरलेल्या चार्जिंगकडे बघत बसतात. एकदा एका गटाने फासे काढले. त्यांचा एक गडी कमी होता. मी चादरी द्यायला गेले होते, तर म्हणाले, "ताई, बसता का?" मी बसले ती अजून उठलेली नाही.

आता तुमची काळजी. ते नियम फुकटचे नाहीत मामा, खुले आहेत. कॅनडात मार्गरेट होल्म नावाच्या बाई आहेत, निवृत्त नर्स. त्यांनी वीसेक पानांत नियम लिहिले आणि त्यांवर खुला परवाना लावला. कुणीही घ्या, छापा, आपल्या भाषेत न्या, बदला, विकासुद्धा. मला विचारायला येऊ नका. आणि एकदा दिलेला हा परवाना त्यांना मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. तेव्हा बाई दारात आल्याच, तर चहाला आलेल्या असतील.

तुमच्या धंद्यातलं सांगते. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे वाक्य तुम्ही रोज छापता. ते तुमचं आहे का? समोरच्या छापखान्याचं आहे का? पण त्याखालचे वधू-वर ज्याचे त्याचे असतात. तसंच हे. फासे कधी टाकायचे, किती पडले तर निभावलं आणि किती पडले तर अंगाशी आलं, हे लिहिलं होल्मबाईंनी. मिठाचा तांडा, घाटातलं धुकं, भाजे गावच्या लेण्यात मुक्कामाला थांबलेली ती दोन माणसं, हे माझे वधू-वर. फरक एवढाच, की 'श्रीकृपेकरून' कुणी पहिल्यांदा लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही. बाईंचं नाव ठाऊक आहे.

आणि माझा भागही मी तशाच परवान्याने खुला केलाय. ओरडू नका, घसा सांभाळा. बंद करून ठेवला तर तो माझ्या कपाटात राहील. खुला ठेवला तर माझ्याआधी कुठं कुठं पोचेल. अटी अगदी थोड्या आहेत. शेवटच्या पानावर दिल्यात, छापताना तुम्ही वाचल्या असतीलच.

तुमची,
राजेश्वरी


तळेगाव,
९ फेब्रुवारी

चि. राजेश्वरीस,
आशीर्वाद.

अटी वाचल्या. नीट आहेत. आता खाली बस, कारण पुढचं उभ्याने वाचण्यासारखं नाही.

लग्नसराई असल्याने उत्तराला उशीर झाला. काल लोणावळ्याला एका रिसॉर्टवर पत्रिकांचा गठ्ठा पोचवायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, त्यांची जाहिरात मी का करू? हिरवळीवर टेबल मांडलेलं, भोवती सहा-सात पाहुणे, आणि त्यातली एक बाई तावातावाने ओरडते आहे, "मेले तरी गोणी सोडणार नाही!" मला वाटलं भांडण लागलं. जवळ गेलो तर टेबलावर फासे, आणि हातात आपल्या पुस्तकातली पानं. झेरॉक्स! तोच तांडा, तीच लेणी, तोच लंगडा बैल. शेजारी रंगीत पत्रक पडलेलं, त्यावर छापलंय, 'मिठाचा तांडा: आमची खास निर्मिती, फक्त आमच्या पाहुण्यांसाठी.' पत्रक उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. तुझं नाव नाही. कुठंही नाही.

आयुष्यात इतकं बोलायचं मनात आलं नव्हतं आणि नेमका मी मुका! मी पत्रक नाचवलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग मळवलीच्या दिशेने बोट दाखवलं. वेटरला वाटलं मला दम लागलाय. त्याने पाणी आणलं आणि पाठीवरून हात फिरवला.

नाव गाळणं म्हणजे काय, हे या तालुक्यात मला विचारा. आपल्याकडे मुलीचं लग्न एका तासात लागतं, पण पत्रिकेतली नावं लागायला पंधरवडा जातो. निमंत्रक, संयोजक, प्रमुख उपस्थिती, आशीर्वाद, खाली 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. त्या किलबिलीत मी अजून जन्मायचं असलेलं बाळसुद्धा छापलंय, घरच्यांच्या आग्रहावरून. एका चुलत्याचं नाव राहिलं म्हणून आख्खी भावकी मांडवाबाहेर उभी राहिलेली मी बघितली आहे. पण ती पत्रिका माझी नव्हती. माझ्या छापखान्यातून आजवर एक नाव गळालेलं नाही. आणि हे लोक माझ्या भाचीचं नाव गाळतात!

तेव्हा गप्प बसलो नाही. छापखान्याच्या लेटरहेडवर त्यांना नोटीस धाडली आहे. 'सर्व हक्क राखीव. खेळ तात्काळ बंद करावा, अन्यथा न्यायालयीन कारवाई.' भाषा अशी आहे की वाचताना त्यांचंही तोंड कोरडं पडेल. पुरावा म्हणून पुस्तकाची एक प्रत जोडली आहे.

अभिमानाने,
मामा


मळवली,
११ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार.

तुम्ही माझ्यासाठी भांडलात याचा मला आनंद आहे. आता तो आनंद बाजूला ठेवून लिहिते.

'सर्व हक्क राखीव' तुम्ही कुठून आणलंत? माझ्या पुस्तकात बरोबर उलटं लिहिलंय. ते लोक माझा खेळ खेळू शकतात, पाहुण्यांना खेळवून त्याचे पैसे घेऊ शकतात, झेरॉक्स काढू शकतात, नाव बदलून 'मिठाचा तांडा' ठेवू शकतात. लंगड्या बैलाचा रेडा केला तरी मी काही म्हणू शकत नाही. तसा परवाना मीच दिलाय, आणि शुद्धीत असताना दिलाय. खेळ बंद करा असं सांगायचा हक्क मला नाही, मग तुम्हाला कुठून असणार?

अट आहे ती नावाची. कुणी केलं ते लिहा, कोणत्या परवान्याने घेतलं ते लिहा, आणि काही बदललं असेल तर बदललंय असं लिहा. संपलं. ती त्यांनी मोडली. त्याचा राग मलाही आलाय मामा, आणि बराच आलाय. पत्र वाचल्यावर मी सरळ मागच्या खाचरापर्यंत चालत गेले आणि परत आले. पण मला राग चोरीचा नाही, पुसलं गेल्याचा आहे. आई इतकी वर्षं बंगल्यांच्या फाटकावरच्या पाट्या पुसते आहे, चकचकीत, आणि त्या सगळ्या दुसऱ्यांच्या नावांच्या. त्या रिसॉर्टच्या हिरवळीवर बसलेल्या माणसांना कळायला हवं, की ते ज्या तांड्याबरोबर घाट चढतायत तो मळवलीतल्या एका पोरीने हाकलाय. मला त्यांचे पैसे नकोत. मला माझं नाव पाहिजे.

प्रत जोडलीत ते मात्र फार बरं केलंत. शेवटचं पान वाचलं की त्यांना आपोआप समजेल.

राजेश्वरी


मळवली,
१९ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार.

त्यांनी शेवटचं पान वाचलं.

काल दुपारी रिसॉर्टच्या मॅनेजर ऋचाताई स्वतः घरी आल्या. तिशी-पस्तिशीच्या असतील. हातात तुमची नोटीस आणि तुम्ही जोडलेली प्रत. मी त्यांना काय काय सुनवायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. आईनेही ठेवलं असावं, कारण तिने चहा टाकला नाही.

ऋचाताई पायरीवरच म्हणाल्या, "आधी माफी मागते. पत्रक ज्याने लिहिलं त्याला वाटलं, लेखकाचं नाव जाहिरातीत कशाला. मी छापायच्या आधी वाचायला हवं होतं, वाचलं नाही. चूक आमचीच आहे."

माझं जुळवून ठेवलेलं सगळं वाया गेलं. आई आत गेली आणि भांड्यांचा आवाज आला, म्हणजे चहा मंजूर झाला.

मग त्या म्हणाल्या, "पण राजेश्वरी, मी कॉलेजपासून हे खेळ खेळते. हे नियम मार्गरेट होल्मचे आहेत ना? ते 'निभावलं, पण किंमत मोजून' वाचल्यावर लगेच ओळखले."

मी म्हटलं, "हो, त्यांचेच. शेवटच्या पानावर लिहिलंय सगळं. त्यांचं नाव, परवाना, मी काय बदललं ते."

"कुठे?"

"शेवटच्या पानावर."

त्यांनी प्रत उघडून माझ्यासमोर धरली. मामा, त्या पानावर तुमचा सनईवाला होता. फक्त सनईवाला. मन लावून वाजवत होता.

मी आतून आमच्या प्रती आणल्या. एकामागून एक उघडल्या. सगळीकडे तोच. तुमचं पहिलं पत्र मग पुन्हा काढून वाचलं. 'शेवटचं पान साफ केलं.' मला वाटलं होतं, प्रुफावर शाईचा डाग होता, तो काढलात. तुम्ही होल्मबाईंनाच काढलंत, आणि माझ्या अटीही.

आणि मी तरी काय दिवे लावले? पुस्तक येऊन महिना झाला. माझं नाव असलेलं पान मी झोपेत काढता येईल इतक्या वेळा उघडलं, आणि शेवटचं एकदाही नाही.

आई चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी उघड्या प्रतींकडे बघत होतो. "काय झालं?" म्हणाली. मी सांगितलं, की यांनी माझं नाव गाळलं म्हणून आपण नोटीस धाडली, आणि आपण त्या कॅनडाच्या बाईंचं गाळलंय. आईने तिघींचे कप खाली ठेवले आणि म्हणाली, "मंग आता नोटीस कुनी कुनाला धाडायची?"

ऋचाताई हसल्या म्हणून मी हसले, नाहीतर रडले असते. कारण पुढचं हसण्यासारखं नाही. अट मोडली की परवाना संपतो. म्हणजे आज या क्षणी होल्मबाईंचे नियम वापरायचा हक्क आपल्याला नाही. ज्या पुस्तकावर माझं नाव एवढं ठळक आहे ते आत्ता धड माझंही नाही. परवान्यात एक सवलत आहे. चूक ध्यानात आल्यापासून तीस दिवसांच्या आत दुरुस्त केली, तर हक्क आपोआप परत मिळतो. ध्यानात आली काल.

तुम्ही अटी 'वाचल्या, नीट आहेत' असं लिहिलं होतंत. मी त्याबद्दल काही विचारत नाही.

जाताना ऋचाताई त्या सनईवाल्याकडे बघत म्हणाल्या, "हा माझ्याही लग्नाच्या पत्रिकेवर होता. वडगावला छापली होती. हाच, पुढचा पाय आखूड."

राजेश्वरी


तळेगाव,
२० फेब्रुवारी

चि. राजेश्वरी,

सकाळपासून तीन पत्रं लिहिली. पहिल्यात कारणं होती, दुसऱ्यात इंग्रजी भाषेचा दोष होता, तिसऱ्यात तुझ्या मामीचा. तिन्ही फाडली.

खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी-मराठी मजकूर होता. मला वाटलं, औषधाच्या बाटलीवर असतं तसलं काहीतरी. कोण वाचतं? मी वाचलं नाही, आणि वाचल्याचं तुला कळवलं. नावांच्या बाबतीत मी तुला काय काय ऐकवलं ते आता पुन्हा वाचू नकोस.

नुसती पट्टी चिकटवून द्यावी असं मामी म्हणते. पट्टी लावणार नाही. राहिलेल्या नावाची पट्टी पत्रिकेवर लावली की लोक आधी ती नखाने उचकटून खाली काय होतं ते बघतात आणि मग भांडतात. शेवटचं पान पुन्हा छापतो. प्रत्येक प्रतीचं जुनं पान काढून नवं शिवून देणार. तुझ्याकडच्या प्रती दाजींबरोबर धाड. गेलेल्या मी गोळा करतो.

मामा


तळेगाव,
२ मार्च

चि. राजेश्वरीस,
आशीर्वाद.

प्रगती कळवतो. मुक्या माणसाने गावभर फिरून विकलेली पुस्तकं परत मागणं हा प्रकार तुझ्या खेळात घाल, फासे कितीही पडले तरी निभणार नाही असं वाटलं होतं मला. पाटीवर एकच वाक्य लिहून घेतलं आणि दारोदार धरलं: 'पुस्तक परत द्या, एक नाव राहिलंय.'

राजेश्वरी, परवाना, हक्क, अटी, काही म्हणजे काही समजवावं लागलं नाही. वाक्य वाचताच माणसं गंभीर होत. दूधवाले हनुमंतराव म्हणाले, "अरेरे! कुणाचं राहिलं?"

मी पाटीवर लिहिलं, 'कॅनडाच्या मावशीचं.'

"मावशीचं?" त्यांनी कपाळावर हात मारला. "सुहासराव, तुमच्यासारख्यानं असं करावं? रुसल्या असतील की!" आणि आतून पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं. वर म्हणाले, "सांगा त्यांना, माणूस मनाचा वाईट न्हाई."

भागुबाईंनी त्यांची प्रत नवलाख उंबरे गावातल्या नातवाला दिली होती, ती मागवून घेतली. शाळेतल्या अरुंधतीबाईंनी प्रतीत पेन्सिलने खुणा केल्या होत्या, त्यांची माफी मागत परत केली. एकाने नुसतंच विचारलं, "मावशी आईकडच्या का बाबांच्या बाजूच्या?" मी पाटी पुसून पुढे गेलो. तुझ्या होल्मबाईंनी तीस दिवसांची मुदत घालायची गरज नव्हती. हा कायदा मावळात आधीपासून लागू आहे.

दोन प्रती मुंबईला गेल्यात, त्यांना पान टपालाने धाडलं. बाकी सगळ्यांना नवं पान बसलं.

मामा


मळवली,
१४ मार्च

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

नवं पान बघितलं. या वेळी पहिलं तेच उघडलं. 'नियम: मार्गरेट होल्म' हे तुम्ही माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत घेतलंय, आणि परवाना इतका मोठा, की चष्मा न लावता आजोबा वाचतील. सनईवाला वर गेला आणि लहान झाला, पण उभा आहे.

आता एकेक करून सांगते.

शनिवारी ऋचाताईंनी मला रिसॉर्टवर बोलावलं होतं, सूत्रधार म्हणून. आई आली, बाबा कारखान्यातून परस्पर आले. फाटकाशी फलक होता. 'मीठवाट. रचना व कथा: राजेश्वरी कैलास तिकोणे, मळवली. नियम: मार्गरेट होल्म.' आईला वाचता येतं, तरी तिने बाबांना मोठ्याने वाचायला लावलं. मग पदराच्या टोकाने फलक पुसला. स्वच्छच होता. सवय.

हिरवळीवर तीन टेबलं लागली होती. ऋचाताईंनी माइकवर माझं नाव घेतलं. मी आजवर लग्नात माइकवर नावं ऐकली आहेत, तासभर चालणारी, मुहूर्त टळवणारी, आणि तुमच्या शेजारी बसून हसले आहे. माझं घेतलं तेव्हा हसू आलं नाही. ती 'गोणी सोडणार नाही' वाली बाई परत आली होती. खेळ संपल्यावर म्हणाली, "तू खरंच इथलीच?" मी म्हटलं, "ते समोर धुकं दिसतंय ना, त्याच्या खाली."

दुसरं. मी तुम्हाला न सांगता होल्मबाईंना ईमेल केली होती, तुमचं पाटीवालं पत्र आलं त्याच दिवशी. काय झालं ते सगळं लिहिलं, जुन्या आणि नव्या पानाचे फोटो पाठवले. वाटलं, नाव राहिलं ते त्यांना दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगावं. तुमची बाजूही मांडली. मावशीवाला किस्सा भाषांतरित करून पाठवला.

काल उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय, की नियम खुले केल्यापासून बऱ्याच जणांनी त्यांचं नाव गाळलं, पण ते परत बसवायला पाटी घेऊन दारोदार फिरलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. आपलं नाव देवनागरीत बघून त्यांनी पान छापून भिंतीला लावलंय. आणि मग विचारलंय, "तो वाद्य वाजवणारा माणूस कुणी काढला? माझ्या नव्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर मला तो हवा आहे. चित्रकाराची परवानगी आणि नाव कळव. नावाशिवाय मी वापरणार नाही, कारण तुला ठाऊकच आहे."

सनईवाला असतो, एवढंच मला माहीत. प्रत्येक पत्रिकेवर असतो, वडगावच्या, कामशेतच्या, लोणावळ्याच्या. कुणी काढला असेल असं कधी मनातच आलं नव्हतं. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मानही वर न करता म्हणाली:

"त्यो व्हय? सुहासनं काडलाय की."

मी म्हटलं, "कोण सुहास?"

"सुहास किती हायेत आपल्यात? तुजा मामा. माज्या लग्नाला. छापखान्यात नवाच लागला व्हता, एकोनीस वर्साचा. म्हनला, अक्काच्या पत्रिकेवर इकत आनलेलं चित्र न्हाई लावायचं. छापायच्या लिनोच्या ठोकळ्यावर कोरला. लय देखना व्हता, दोनी पाय सारके. मंग आपल्या चुलत्यांनी खालची नावं वाडवली. ह्याचं घाला, त्याचं घाला. जागा उरंना. नाव तर कुनाचं काडता येत न्हाई. मंग त्यानं गड्याचा पाय कमी केला."

"आणि बाकीच्या छापखान्यांनी?"

"त्यांनी हितूनच उचलला. कुनी इचारलं का त्याला? आन त्यो तरी कुटं बोलला?"

मामा, तुम्ही तरी कुठं बोललात? घसा तर तेव्हा चांगला होता.

होल्मबाईंना काय कळवू?

तुमची,
राजेश्वरी


तळेगाव,
१७ मार्च

चि. राजेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आहे. मामीचं माहेरपण संपलं. तरी हे पत्रानेच लिहितो, फोनवर घसा दगा देईल, आणि तू तो गाठींचा समजणार नाहीस.

अक्काची आठवण पक्की आहे, फक्त नावं चुलत्यांनी नाही, आत्याबाईंच्या यजमानांनी वाढवली होती. शेवटच्या क्षणाला सहा.

बोललो का नाही, विचारतेस. काय बोलणार होतो? माझा सनईवाला घेऊ नका, असं? पहिल्यांदा वडगावच्या पत्रिकेवर दिसला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. जाऊन बोलायचं ठरवलं होतं. मग कामशेतला दिसला. मग एका लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारच्याच्या हातात घोटीच्या कुठल्या छापखान्याची पत्रिका, आणि त्यावर हा, पुढचा पाय आखूड. घोटी! मी उभ्या जन्मात घोटीला गेलेलो नाही, हा जाऊन आला. त्या दिवसापासून दुसऱ्याची पत्रिका हातात आली की मी वधू-वर नंतर बघतो, आधी पाय बघतो. मामीला वाटतं मी छपाईतल्या चुका काढतोय.

ज्यांनी कुणी तो उचलला त्यांच्यातल्या एकालाही तो पाय सरळ करावासा वाटला नाही. का आखूड आहे हे ठाऊक नसताना त्यांनी तो तसाच जपला. आता तूच सांग, मी कुणाला नोटीस धाडू?

होल्मबाईंना कळव. घ्या, छापा, बदला, विका, विचारायला येऊ नका. त्यांच्याच परवान्याने. अटी मी या वेळी वाचल्या आहेत, शपथेवर. नाव असं टाकायला सांग: सुहास शेटे, तळेगाव. गावाचं नाव राहता कामा नये. आणि आखूड अक्षरांत चालेल म्हणावं. पण तिथल्या लिपीत ते कसं दिसतं याचं प्रुफ आधी मला बघायला धाडा.

सनईवाल्याची नवी प्रत काढून सोबत पाठवतो आहे. जुना लिनो झिजला, म्हणून दोन रात्री बसून पुन्हा कोरला. या वेळी पानावर नावं तीनच: बाईंचं, तुझं, माझं. जागा भरपूर होती, दोन्ही पाय पुरते मावले असते. बराच वेळ हत्यार हातात धरून बसलो.

मग आखूडच ठेवला. नाहीतर घोटीचे लोक ओळखायचे नाहीत.

तुझा,
सुहासमामा